पन्हळी पुठ्ठ्याची कुळकथा

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मागवलेले काचसामान बहुधा जून-जुलैत, नेमके पावसात येऊन पोचते. खोके उघडले की चंबू, परीक्षानळ्या, मोजपात्रे एकेक करून बाहेर निघतात. मुले काचेकडे बघतात आणि खोके कोपऱ्यात जाते. आमच्याकडे एकदा असे एक खोके रात्रभर व्हरांड्यात राहिले. सकाळी उचलायला गेलो तर चार भिंती हातात आल्या आणि तळ फरशीवरच राहिला. सहा चंबू फुटले. आमचे शिपाईमामा काचा गोळा करता करता म्हणाले, “सर, कागदावर काय भरवसा ठेवायचा?”

प्रश्न रास्त आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि त्याचा निकाल लागायला १९१४ साल उजाडावे लागले. आज जगात दरवर्षी सुमारे ४० कोटी टन कागद आणि पुठ्ठा तयार होतो. त्यातला निम्म्याहून अधिक छापण्या-लिहिण्यासाठी नव्हे, तर माल बांधण्यासाठी वापरला जातो. वर्तमानपत्राचा कागद जगभर कमी होत चालला आहे आणि खोक्याचा वाढतो आहे. कागदावर एवढा भरवसा कसा बसला, आणि तो कुठवर ठेवावा, हे या लेखात पाहू.

आधी एक प्रयोग. सारख्या उंचीची दोन पुस्तके वीतभर अंतरावर ठेवा आणि त्यांवर वहीचा एक सुटा कागद पुलासारखा टाका. वर एक खडू ठेवला तरी तो वाकेल. आता तोच कागद जपानी पंख्यासारखा मागे-पुढे दुमडून त्याच्या चुण्या करा. चुण्या एका पुस्तकापासून दुसऱ्या पुस्तकापर्यंत जातील अशा बेताने तो पुन्हा ठेवा आणि किती खडू पेलतो ते मुलांनाच मोजू द्या. कागद तोच, वजनही तेवढेच; बदलला फक्त आकार. पन्हळी पत्र्याचे छप्पर सपाट पत्र्यापेक्षा ताठ असते ते याच कारणाने. पुढे या चुण्यांच्या वरून आणि खालून एकेक सपाट कागद चिकटवला की झाला पन्हळी पुठ्ठा. वाकवताना बाहेरचा कागद ताणला जातो, आतला दाबला जातो आणि मधल्या पन्हळी या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवतात. पुलाखालच्या, इंग्रजी ‘आय’ अक्षरासारख्या लोखंडी तुळईत हेच तत्त्व असते.

गंमत अशी की पहिल्या पन्हळी कागदाचा ओझ्याशी काहीही संबंध नव्हता. १८५६ साली इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन या दोघांनी चुण्या पाडलेल्या कागदाचे पेटंट घेतले ते उंच टोपीच्या आतल्या अस्तरासाठी! कपाळाला मऊ लागावे, हवा खेळावी आणि घाम टिपला जावा, एवढाच हेतू.

टोपीतून हा कागद मालापर्यंत पोचला तो काचेमुळे. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि त्यानंतर रॉकेलचे दिवे घरोघर गेले. प्रत्येक दिव्याला काच आली. ती कारखान्यातून दुकानापर्यंत नेताना पेंढा किंवा लाकडाचा भुसा भरावा लागे, तरीही फुटतूट होई. १८७१ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने बाटल्या आणि दिव्याच्या काचा गुंडाळण्यासाठी पन्हळी कागदाचे पेटंट घेतले. त्याचा कागद उघडा होता, त्यामुळे ताणला की पन्हळी सपाट होत. १८७४ साली ऑलिव्हर लाँगने पन्हळींना सपाट कागद चिकटवून हा दोष काढला. आमच्या चंबूंभोवती गुंडाळलेला, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने पन्हळी असलेला तपकिरी कागद म्हणजे सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचीच वस्तू आहे. तिच्यात फारसा बदल करायची गरज कोणाला पडलेली नाही.

मात्र गुंडाळण्याचा कागद निराळा आणि खोके निराळे. सपाट पुठ्ठ्याचे तयार खोके ही दुसरी वाट, आणि ती उघडली एका चुकीमुळे. स्कॉटलंडहून अमेरिकेत आलेला रॉबर्ट गेअर ब्रुकलिनमध्ये कागदी पिशव्यांचा कारखाना चालवत असे. १८७९ साली बियाण्यांच्या पिशव्या छापताना, कागदावर घडीची रेघ उमटवणारी धातूची पट्टी सरकून वर आली. तिने रेघ उमटवायच्या ऐवजी कागद कापून टाकला. माल वाया गेला. पण एकाच दाबात कापणे आणि घडी पाडणे ही दोन्ही कामे होऊ शकतात, हे गेअरच्या ध्यानात आले. तोपर्यंत पुठ्ठ्याची डबी हाताने कापून, हाताने दुमडून करावी लागे. गेअरच्या यंत्रातून सपाट तुकडे थप्प्यांनी बाहेर पडू लागले. ते सपाटच पाठवायचे आणि माल भरायच्या वेळी उभे करायचे. दुकानदाराची किती जागा वाचली असेल, याचा अंदाज मिठाईच्या दुकानात सपाट डब्यांची चळत पाहिलेल्या कोणालाही करता येईल.

या डबीने किराणा दुकानाचा चेहरामोहरा पालटला. १८९८ साली स्थापन झालेल्या नॅशनल बिस्किट कंपनीने आपली ‘युनीडा’ बिस्किटे मेणकागदाचे अस्तर लावलेल्या पुठ्ठ्याच्या डबीत बंद करून बाजारात आणली. त्याआधी बिस्किटे दुकानातल्या उघड्या पिंपातून मोजून मिळत. ग्राहक दुकानदाराला ओळखत असे, बिस्किटे कोणत्या भट्टीतून आली याच्याशी त्याला कर्तव्य नसे. डबीवर नाव आले आणि विश्वासाचा मानकरी बदलला. आपल्याकडे वाण्याच्या पुडीकडून नावाच्या पुड्याकडे झालेला प्रवास आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांदेखत पाहिला आहे. मात्र या डब्या दूरगावी जात त्या लाकडी खोक्यात भरूनच.

आता मुख्य लढाईकडे वळू. लाकडी खोके जड, महाग आणि परत आणायला गैरसोयीचे. पन्हळी खोके हलके आणि स्वस्त. पण माल जायचा रेल्वेने, आणि कोणत्या वेष्टनातल्या मालाला काय भाडे लावायचे हे रेल्वे कंपन्या ठरवीत. १९०३ च्या सुमारास तृणधान्याचे पदार्थ पन्हळी खोक्यांतून पाठवायला काही भागांत परवानगी मिळाली. तरीही अनेक ठिकाणी कागदी खोक्यातल्या मालाला लाकडी खोक्यातल्या मालापेक्षा जास्त भाडे पडे. म्हणजे वेष्टनात वाचलेला पैसा भाड्यात जायचा.

रेल्वे कंपन्यांना यात नुसते खलनायक ठरवणे आम्हाला पटत नाही. वाटेत माल खराब झाला तर भरपाई त्यांना द्यावी लागे, आणि ओला झालेला कागद काय करतो ते आम्ही व्हरांड्यात पाहिलेच आहे. पण हेही खरे, की लाकूडधंदा हा रेल्वेचा मोठा गिऱ्हाईक होता. अखेर लॉस एंजेलिसच्या प्रिडहॅम या खोकी बनवणाऱ्या कंपनीने सदर्न पॅसिफिक आणि इतर रेल्वे कंपन्यांविरुद्ध आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे दाद मागितली. १९१४ साली आयोगाने निर्णय दिला, की केवळ कागदाचे आहे म्हणून खोक्याला जादा भाडे लावणे हा भेदभाव आहे. लाकडी खोक्याची सद्दी संपू लागली ती इथून.

मात्र हा भरवसा बिनशर्त नव्हता. कागद चालेल, पण तो किती मजबूत आहे हे सांगा, अशी रेल्वेची अट होती. आता मजबुती मोजायची कशी? त्याचे उपकरण आधीच तयार होते. मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक या कागद गिरण्यांच्या गावात जॉन मलन याने १८८७ साली स्फोटन-परीक्षेचे यंत्र केले होते. कागद एका गोल भोकावर घट्ट धरायचा, खालून रबरी पडद्यामागे द्रवाचा दाब वाढवत न्यायचा आणि कागद फुटेल तेव्हाचा आकडा वाचायचा. हाच आकडा खोक्याच्या बुडावर गोल शिक्क्यात छापण्याचा नियम झाला. अमेरिकेहून आलेले एखादे जुने खोके मिळाले तर उलटून पाहा. शिक्क्यात कारखान्याचे नाव आणि गाव असते. स्फोटन-परीक्षा चौरस इंचाला २०० पौंड, एकूण वजनाची मर्यादा ६५ पौंड, लांबी-रुंदी-उंचीच्या बेरजेची मर्यादा ७५ इंच, असे आकडे असतात. सातवी-आठवीच्या मुलांना एकक-रूपांतराचे हे उत्तम उदाहरण आहे. ६५ पौंड म्हणजे साधारण साडेएकोणतीस किलो, ७५ इंच म्हणजे सुमारे १९० सेंटिमीटर. रेल्वेला हवा असलेला भरवसा असा बोटभर वर्तुळात मावला.

आता हा कागद एवढा दाब सोसतो कशाच्या जोरावर? सुरुवातीच्या पन्हळी गव्हाच्या काडाच्या पिवळट कागदाच्या असत. त्यांत दम कमी. खरी ताकद आली ती लाकडाच्या लगद्यातून. झाडाचे तंतू एकमेकांना लिग्निन नावाच्या द्रव्याने जखडलेले असतात. ते काढताना तंतूंना इजा होऊ नये, ही कागद करणाराची कसोटी. कार्ल डाल या रसायनतज्ज्ञाने १८७९ साली डान्झिगमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधील ग्दान्स्कमध्ये, दाहक सोड्याच्या जोडीला सोडियम सल्फाइड वापरण्याची पद्धत काढली. लिग्निन झपाट्याने निघाले, तंतू लांब आणि शाबूत राहिले. १८९० साली स्वीडनमध्ये या पद्धतीने लगदा करणारी गिरणी सुरू झाली. जर्मन आणि स्वीडिश भाषांत ताकदीला ‘क्राफ्ट’ म्हणतात, तेच नाव या कागदाला पडले. त्याचा तपकिरी रंग कोणी दिलेला नसतो. उरलेल्या लिग्निनचा तो रंग.

या पद्धतीने पाइनसारखी राळ असलेली लाकडेही शिजू लागली. १९३० च्या दशकात टॉमलिन्सनच्या भट्टीमुळे उरलेला काळा द्रव जाळून उष्णता आणि रसायने दोन्ही परत मिळू लागली, आणि क्राफ्ट गिरणी आर्थिकदृष्ट्या पक्की झाली. गंधकाच्या संयुगांचा कुजक्या कोबीसारखा वास मात्र या पद्धतीला कायमचा चिकटला. कागद गिरणीच्या गावावरून आगगाडीने गेलेल्यांना तो सांगायला नको.

त्याच दशकात स्टाइन-हॉल कंपनीच्या जॉर्डन बाउअरने खळीचा प्रश्न सोडवला. स्टार्च पूर्ण शिजवला तर खळ इतकी घट्ट होते की यंत्रावर पसरत नाही. पातळ केली तर पाणी जास्त होते आणि पुठ्ठा वाळत नाही. बाउअरने थोडा स्टार्च शिजवून त्यात बाकीचा कच्चाच मिसळला. पातळ खळ पन्हळीच्या माथ्यावर लागते आणि गरम रुळाखाली गेल्यावर कच्चा स्टार्च जागच्या जागी फुगून चिकट होतो. घरी कांजी करताना ती एका क्षणी एकदम दाटते, तोच हा क्षण. भारतात आजही पन्हळी पुठ्ठा बहुतांशी मक्याच्या स्टार्चनेच चिकटवतात.

म्हणजे आमच्या खोक्याचा तळ सुटला तो का? खळ पाण्यात सैल झाली, हे एक कारण. दुसरे अधिक मुळातले. कागदात तंतूला तंतू धरून ठेवतात ते मुख्यत्वे हायड्रोजन बंध, आणि पाण्याचे रेणू या बंधांच्या मध्ये शिरतात. त्यासाठी पाऊसच लागतो असे नाही. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास गेली, की खोक्याची वजन पेलण्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने समुद्रकिनाऱ्यांवर उतरवायच्या सामानासाठी ‘व्ही’ प्रतीचा खास जलरोधक पुठ्ठा केला तो याचसाठी. पण याच दुबळेपणात कागदाची दुसरी बाजू आहे. ज्या गुणामुळे खोके पावसात फसकते, त्याच गुणामुळे रद्दी पाण्यात घुसळली की तिचा पुन्हा लगदा होतो. लाकडी खोक्याचे असे नवे खोके कधी होत नव्हते.

मोजमापाच्या गोष्टीला पुढे एक वळण मिळाले. कागद फुटेल केव्हा, हे स्फोटन-परीक्षा सांगते. पण गोदामात खोके फुटत नाही, ते चेपते. वरच्या सात-आठ खोक्यांचा भार तळच्या खोक्याच्या उभ्या भिंतींवर येतो. म्हणून पन्हळी नेहमी उभ्या ठेवतात. पुठ्ठ्याचे दोन सारखे तुकडे कापून एक उभ्या पन्हळींचा, दुसरा आडव्या पन्हळींचा असे कडेवर उभे करा, दोन विटांच्या आधाराने सरळ धरा आणि वर पुस्तके रचा. फरक लगेच दिसेल. १९६३ साली अमेरिकेतल्या ॲपलटन येथील कागद-रसायन संस्थेच्या रॉबर्ट मकी याने या भाराचे सूत्र मांडले. खोके किती भाराखाली चेपेल हे पुठ्ठ्याच्या कडेच्या दाबशक्तीच्या समप्रमाणात असते, आणि शिवाय खोक्याची परिमिती व पुठ्ठ्याची जाडी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या समप्रमाणात. अकरावीच्या मुलांना हे देऊन पाहावे. उंची तीच ठेवून लांबी आणि रुंदी दुप्पट केली तर घनफळ चौपट होते, परिमिती दुप्पट होते, पण ताकद वाढते ती १.४१ पटच. मोठे खोके त्याच्या पोटाच्या मानाने दुबळे असते. १९९१ साली अमेरिकी नियमांनी स्फोटन-परीक्षेला पर्याय म्हणून कडेची दाबशक्ती मान्य केली आणि शिक्क्यातला आकडा बदलला. तेवढ्याच भारासाठी आता कमी कागद पुरू लागला. आम्हाला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत बोलका प्रसंग वाटतो. जवळजवळ पाऊण शतक खोक्याची ताकद मोजली जात होती, पण त्याला प्रत्यक्षात जे सोसावे लागते ते नव्हे.

आपल्या देशात हा बदल उशिरा आला आणि इथे त्याला जंगलाचा संदर्भ होता. हिमाचल प्रदेशातली सफरचंदे लाकडी पेट्यांतून दिल्लीला जात. बागा वाढल्या तशा पेट्या वाढल्या आणि त्या पेट्यांसाठी फर-स्प्रूसची झाडे पडू लागली. फळझाडे लावायची आणि फळे बांधायला जंगल तोडायचे, हा हिशेब फार काळ चालणारा नव्हता. १९८० च्या दशकात सरकारने पेट्यांसाठीच्या वृक्षतोडीला पायबंद घातला आणि बागायतदार पन्हळी खोक्यांकडे वळले. पण अडचण संपली नाही. एकावर एक सरकणारे दोन भागांचे खोके हवे तितके उंच करता येई आणि त्यात जास्त फळ कोंबून एका पेटीच्या भावात विकण्याचा दबाव बागायतदारावर येई. २०२४ च्या हंगामापासून तिथे ठरावीक मापाचे एकसंध खोके सक्तीचे झाले. खोक्याचे माप हे तिथे शेतकऱ्याच्या मिळकतीचेही माप आहे.

कोकणातला हापूसही फळीच्या पेटीतून, पेंढ्यात बसून मुंबईला जायचा. आज तो बहुधा भोके पाडलेल्या पन्हळी खोक्यातून जातो, तरी भाव विचारताना आपण ‘पेटी’चाच विचारतो. नाशिक-सांगलीची द्राक्षे परदेशी जातात तीही पन्हळी खोक्यांतून. शीतगृहातली दमट हवा आणि थप्पीचा भार यांचा वर सांगितलेला हिशेब तिथे रोज मांडावा लागतो.

भारताजवळ पाइनचा लांब तंतू थोडा. पाइनचा तंतू सुमारे तीन मिलिमीटर, बांबूचा त्याहून आखूड, उसाच्या चिपाडाचा आणि रुंद पानांच्या झाडांचा एक मिलिमीटरच्या आसपास. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत विल्यम रेट याने बांबूच्या लगद्यावर दीर्घकाळ काम केले, आणि १९२५ साली बांबू कागद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या गिरणीच्या मूळ नावातच ‘पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड’ होते. खोक्यांचा तपकिरी कागद मात्र आपल्याकडे बहुतेक रद्दीपासूनच होतो, आणि तिच्यात परदेशातून आलेल्या जुन्या खोक्यांचा मोठा वाटा असतो. अमेरिकेतल्या पाइनचा तंतू असा जुन्या खोक्यातून आपल्याकडे येतो. पण दर फेरीला तो थोडा तुटतो आणि वाळताना ताठरतो. पाच-सात फेऱ्यांनंतर तो कामातून जातो. म्हणजे रद्दीच्या चक्रात कुठून तरी नवा तंतू येतच राहावा लागतो. २०१८ साली चीनने मिश्र रद्दीची आयात बंद केली आणि २०२१ पासून घनकचऱ्याची सगळीच आयात थांबवली, तेव्हा जगभर रद्दीचे आणि क्राफ्ट कागदाचे भाव हलले. त्याची झळ आपल्याकडच्या खोकी करणाऱ्या लहान कारखान्यांना लागली.

२०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, आणि कागद एकाएकी पुण्यवान ठरला. आमचे मत थोडे निराळे आहे. चहाच्या कागदी पेल्याला आतून बहुधा पॉलिथिनचे अस्तर असते. स्वीडनमध्ये रुबेन राउसिंगच्या कंपनीने १९५१ साली जाहीर केलेल्या दुधाच्या चौफलकी पाकिटातून पुढे कागद, पॉलिथिन आणि ॲल्युमिनियम यांच्या थरांचे पाकीट तयार झाले. त्याने दूध शीतकपाटाशिवाय टिकते, हा केवढा तरी लाभ. पण हे थर सोडवायला खास यंत्रणा लागते. साध्या रद्दीत ते चालत नाही. पाण्याला दाद न देणारा कागद केला, की तो लगदा करणाऱ्यालाही दाद देत नाही. हल्ली घरपोच येणाऱ्या मालात तर खोक्यात खोके असते आणि त्यावर हातभर प्लॅस्टिकची चिकटपट्टी.

आमच्या गावातला रद्दीवाला पावसाळ्यात खोक्यांच्या गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालून ओल पाहतो आणि तेवढे वजन कापून घेतो. त्याच्याकडून घेणारी गिरणीही त्याचे तसेच कापते. चिकटपट्टी तो स्वतः ओढून काढतो. फुटलेल्या चंबूंचे ते खोके आम्ही त्याच्याकडे नेले, तेव्हा त्याने आधी ते झटकून आत काच नाही ना हे पाहिले, चार दिवस छपराखाली उभे करून वाळवले आणि मगच तराजूवर घेतले.